प्रश्न उद्भवत नाही

लग्नात, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कंपूत, कुठेही कुणी माझी ओळख करून दिली की चार-पाच मिनिटांत तो प्रश्न येतोच. "तुम्ही दिल्लीत मंत्र्यांना संसदेतली उत्तरं लिहून द्यायचात ना? मग ते आकडे फेकतात त्यातलं खरं किती असतं हो?" विचारणारा बाकीच्यांकडे बघून डोळा मारतो. इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदाच काय ते सांगतो.

सगळे आकडे खरे असतात. तुमची निराशा झाली असेल, पण आहे ते असं आहे. सभागृहात चुकीचा आकडा गेला तर हक्कभंगाची सूचना येऊ शकते, मंत्र्यांना दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं आणि ते निवेदनही आम्हीच लिहायचं. त्यामुळे अधिवेशनात रात्री दहा-अकरापर्यंत बसून आम्ही एकेक बेरीज दोनदोनदा तपासायचो. खोटं लिहायची कधी वेळच येत नाही. तिच्याआधी बऱ्याच वाटा असतात.

एक वाट सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्नाचे (क), (ख), (ग) असे भाग असतात. (क) ला 'नाही' म्हटलं की उरलेल्यांना 'प्रश्न उद्भवत नाही'. दुसरी वाट तितकी ठाऊक नसते. मंत्री सभागृहात "मी यात लक्ष घालतो" किंवा "बाब विचाराधीन आहे" म्हणाले, तर ते आश्वासन ठरतं. त्यासाठी वेगळी समिती आहे आणि तीन महिन्यांत पूर्तता कळवायची असते. म्हणून नव्या मंत्र्यांना आम्ही पहिल्या आठवड्यातच विनवायचो, साहेब, काहीही बोला, पण 'बघतो' म्हणू नका. तुम्हाला टीव्हीवर मंत्री उर्मट वाटतात ना? त्यातला थोडा उर्मटपणा आमचा असतो.

आता तो दिवस. वर्ष, खातं आणि मंत्री कोण ते सांगणार नाही.

लोकसभेत रोज 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात, पण तोंडी उत्तरापर्यंत बहुतेक दिवशी निम्मेही पोचत नाहीत. आमचा तिसरा होता, म्हणजे पुकारला जाणारच. मी तेव्हा उपसचिव होतो. अधिकारी दीर्घेत बसलो होतो, मांडीवर फाइल, हातात चिठ्ठ्यांचं पॅड. प्रश्न विचारणारे सदस्य पहिल्यांदाच निवडून आलेले, मागच्या बाकावरचे. मंत्री म्हणाले, उत्तर पटलावर ठेवलं आहे. सदस्य उठले. कागद दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी भाषण केलंच नाही, हे मला अजून आठवतं, कारण पूरक प्रश्नाच्या नावाखाली सगळे भाषणच करतात. ते एवढंच म्हणाले, "या योजनेला गेल्या वर्षी किती पैसे दिले होते आणि यंदा किती दिले, हे मंत्रिमहोदय सांगतील का?"

मंत्र्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

फाइलमध्ये तीन आकडे होते. खरे सांगत नाही, समजायला सोपे धरू: गेल्या वर्षीची मूळ तरतूद 1000 कोटी, वर्षाच्या मध्याला कात्री लागून झालेला सुधारित अंदाज 600 कोटी, यंदाची तरतूद 900 कोटी. मी चिठ्ठीवर लिहिलं: सुधारित अंदाजाच्या तुलनेत 50 टक्के वाढ. विचार करायला वेळ लागला, असंही नाही. हात आपोआप चालला. चिठ्ठी पोचली, मंत्र्यांनी वाचली आणि "सुधारित अंदाजाच्या तुलनेत" हे शब्द गाळून "50 टक्के वाढ" तेवढी दणक्यात सांगितली. बाकं वाजली.

दुसऱ्या पूरक प्रश्नाचा हक्क होता, म्हणून सदस्य परत उठले. "अध्यक्ष महोदय, मी टक्के विचारले नव्हते." त्यावर मंत्र्यांना चिठ्ठीची गरज लागली नाही. योजना ज्यांच्यासाठी आहे त्या वर्गासाठी सरकार किती कटिबद्ध आहे, हे ते तीन मिनिटं बोलले आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला. सदस्य खाली बसून प्रश्नांच्या यादीच्या पाठीमागे पेनाने काहीतरी आकडेमोड करत होते. मला दिसत होतं.

बाहेर आल्यावर मंत्र्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगलं सांभाळलंत." आणि मला आनंद झाला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, इतका.

माझ्यातला तो एक्केचाळीस वर्षांचा उपसचिव अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, लपवलं काय? अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत मूळ तरतूद आणि सुधारित अंदाज शेजारी-शेजारी छापलेले असतात. खासदारांनी वाचायचे नाहीत, तर कुणी? बरोबर आहे त्याचं. तो म्हणतो, शब्द मी गाळले नाहीत, मंत्र्यांनी गाळले. तेही बरोबर. पण बाबा रे, ते गाळले जाणार हे तुला माहीत नव्हतं का?

मला बोचतं ते वेगळंच. कात्री का लागली याचं कारण त्याच फाइलच्या पुढच्या पानावर होतं. राज्यांकडून आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले, आली नव्हती, आणि ती आल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मंत्र्यांनी हे सांगितलं असतं तर ते सरकारचं चांगलं समर्थन झालं असतं. अगदी खरंखुरं. मी ते पान उलटलं नाही, कारण पुढचा प्रश्न आला असता, "कोणती राज्यं?" आणि त्यावर मंत्री नक्की म्हणाले असते, "बघतो."

खरा आकडा सांगितल्याने सरकार कोसळतं, असाही काही अनुभव नाही. आधीची काही वर्षं अन्न अनुदानाचा मोठा भाग अन्न महामंडळाने अल्पबचत निधीतून घेतलेल्या कर्जावर भागवला जात होता आणि सरकारच्या तुटीत दिसत नव्हता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने त्यावर बोट ठेवलं होतं. 1 फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात ते कर्ज हिशेबात घेतलं गेलं. त्यात कोविडमधलं मोफत धान्यही आलं. 2020-21 चा अन्न अनुदानाचा आकडा सुमारे 1.15 लाख कोटींवरून सुधारित अंदाजात 4.22 लाख कोटींवर गेला आणि राजकोषीय तूट जीडीपीच्या 9.5 टक्के झाल्याचं अर्थमंत्र्यांनी भर सभागृहात सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. हे आम्हाला आधी का सुचलं नाही?

पण मग मलाच राग येतो. सगळं माझ्या चिठ्ठीवर का ढकलता? बहुतेक खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविनाच मंजूर होतात, गिलोटीन लावून, म्हणजे वेळ संपली की उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकून. 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये तर गोंधळात सगळ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेविना पार पडल्या. 2023 चा अर्थसंकल्प सुमारे 45 लाख कोटींचा होता. तिथे कुणी मान वर करून दीर्घेकडे पाहिलंसुद्धा नाही. निदान आमच्या त्या सदस्यांनी विचारलं तरी.

निवृत्तीनंतर एकदा त्या दिवसाचं छापील कामकाज काढून वाचलं. "मी टक्के विचारले नव्हते" इथपर्यंत आहे. त्याच्या पुढच्या ओळीत कंसात 'व्यवधान' छापलंय, म्हणजे आरडाओरड्याने बोलण्यात अडथळा. पण त्या क्षणी तिथे कुणीच ओरडत नव्हतं. मला तरी तसंच आठवतं.