खोक्यावरचे वॉट आणि आतली बॅटरी

फाटकावर किंवा गच्चीच्या कठड्यावर लावायचा सौर दिवा खोक्यावर छापलेले वॉट पाहून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. खोक्यावर ‘१०० वॉट’ लिहिलेले असते आणि आत पुष्कळदा ३.२ व्होल्टची, ६ अँपिअर-तासांची बॅटरी निघते, म्हणजे साठा सुमारे १९ वॉट-तासांचा. खरोखरच १०० वॉट खर्च झाले तर तो दिवा १२ मिनिटेही चालणार नाही. तो रात्रभर चालतो, याचाच अर्थ तो दीड-दोन वॉट खातो. अंगणातून चालायला तेवढा उजेड पुरतोही, पण पैसे मोजायचे ते बॅटरीचे, आणि ती पुढे बदलता येईल की नाही हे दुकानातच विचारून घ्यावे.

पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जवळपास तेवढ्याच उताराने बसवावे. जागा मात्र मे महिन्यात ठरवू नये. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि गच्चीचा प्रत्येक कोपरा उन्हाचाच वाटतो; डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपास राहतो आणि दक्षिणेकडच्या शेजारच्या इमारतीची सावली निम्मी गच्ची व्यापते. सावली थोडी असली तरी नडते, कारण पॅनेलमधल्या पट्ट्या एकामागून एक जोडलेल्या असतात आणि एका पट्टीवर आंब्याचे पान पडले तरी सगळ्यांचा प्रवाह अडतो. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पॅनेलवर येत असेल तर आणखी एक गंमत होते: पॅनेलला दिवस मावळल्याचे कळतच नाही आणि आपला सौर दिवा लागत नाही.

मार्च ते मे या काळात धूळ आणि बारा महिने कबुतरे, अशी आमच्याकडची स्थिती आहे. पॅनेल सकाळी, ते गार असताना, ओल्या मऊ फडक्याने पुसावे. बोअरवेलचे पाणी वापरल्यास क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून लगेच कोरडे करावे. स्वस्त पॅनेलवरचे प्लॅस्टिक उन्हाने दुधाळ होते. ते घासून फारसे सुधारत नाही, म्हणून काचेचे पॅनेल थोडे महाग पडले तरी घ्यावे.

पावसाळ्याची तयारी जूनपूर्वीच उरकावी. आयपी ६५ या दर्जाचा (धूळ-पाण्यापासून बचाव किती, हे सांगणारा आकडा) दिवा पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही, परंतु त्याची रबरी कड उन्हाने कडक झाली असेल तर त्या छापील दर्जाला काही अर्थ उरत नाही. झडीच्या दिवसांत चार्जिंग अपुरे होते, तेव्हा दिवा रात्रभर लावण्याऐवजी कोणी आले तरच उजळेल अशा पद्धतीवर ठेवावा. रोज पूर्ण रिकामी होणारी बॅटरी लवकर दगावते.

बॅटरी बदलताना जुन्या बॅटरीवरचा मजकूर वाचून त्याच प्रकारची आणावी. पुण्यात विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत बहुतेक प्रकार मिळतात. बागेतल्या छोट्या दिव्यांत १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात. त्या जागी घड्याळाचा साधा सेल घातला तर तो चार्जिंगमुळे गळतो आणि संपर्कपट्ट्या खातो. तसेच ३.२ आणि ३.७ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्यांची अदलाबदल करू नये, कारण पहिलीचे चार्जिंग ३.६५ व्होल्टला थांबावे लागते आणि दुसरीचे ४.२ ला. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनात द्यावी.