तुम्ही विचारलंत म्हणून: लेस्टर, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला माझा फुटबॉल क्लब, यंदा खाली जाण्यापासून वाचणार का?

नाही.

ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी, म्हणजे ऑफिसातल्या, भिशीतल्या, सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आणि पुण्याहून लग्नाला येऊन माझ्या मोबाइलचं निळं कव्हर बघत "अजून?" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते. म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आज, 2025च्या मार्च एंडिंगच्या धबडग्यात, परिस्थिती अशी आहे. 29 सामने झाले, 17 पॉइंट (जिंकलं की तीन, बरोबरीला एक). वीस संघांत सतराव्या जागेवर वुल्व्हज 26वर. शेवटचे तीन खालच्या डिव्हिजनला जातात. नऊ सामने उरलेत आणि नऊ पॉइंटांची दरी आहे. पॉइंट सारखे झाले तर गोल डिफरन्स (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात, तो त्यांचाच बरा, म्हणजे खरी दरी दहाची. घरच्या मैदानावर लीगमध्ये आम्ही शेवटचा गोल केला 8 डिसेंबरला. त्यानंतर घरी सात सामने, सात पराभव, गोल शून्य. प्रीमियर लीगमध्ये हे याआधी कोणाला जमलं नव्हतं. मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. असा ताळेबंद घेऊन कोणी समोर आलं तर मी त्याला पाणी विचारीन आणि दुकान बंद करायला सांगीन.

मग तरी रविवारी रात्री वही घेऊन काय लिहीत बसतेस, असं नवरा विचारतो. त्याचं उत्तर जरा लांब आहे.

लोकांना वाटतं, 2016ला लेस्टर लीग जिंकली आणि तेव्हापासून हिचं डोकं फिरलं. अजिबात नाही. 2016 हा चमत्कार होता, आणि चमत्कार एकदा मिळाला की हात जोडून गप्प बसायचं असतं, एवढी अक्कल मला आहे. मला बिघडवलं ते त्याच्या आदल्या वर्षानं. 2015च्या वसंतात, अगदी याच टप्प्यावर, 29 सामन्यांनंतर आमचे 19 पॉइंट होते आणि दरी सातची. मग उरलेल्या नऊपैकी सात जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरलो. 41 पॉइंट, चौदावी जागा. हे वहीत मांडून दाखवता येतं. आणि जे एकदा मांडता आलं ते दर वेळी मांडता येईल, ही खोड तेव्हापासून लागली. तेव्हा 19, आज 17. बघा, दोनाचाच तर फरक. (हे वाक्य मी घरी मोठ्यानं म्हटलं तेव्हा मुलगी खोलीतून उठून गेली.)

लेस्टरच का? बडोद्याला दांडिया बाजारात आम्ही राहायचो तेव्हा शेजारच्या गुजराती मैत्रिणीचे मामा तिकडे असायचे. युगांडातून 1972ला आशियाई लोकांना हाकललं तेव्हा गेलेले. 1997च्या डिसेंबरात लग्नसराईला आले आणि भाचीसाठी निळा शर्ट घेऊन आले. तिला नको होता, मला मिळाला. छातीवर 'वॉकर्स' लिहिलेलं. ती वेफर्सची कंपनी, हे मला फार उशिरा कळलं. आजोबांची समजूत होती की तो कमाटी बागेत सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा युनिफॉर्म आहे. मैत्रीण आता लेस्टरलाच असते आणि तिला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही.

आणि कृपा करून "बडोद्याची असून?" असं विचारू नका. विजय हजाऱ्यांच्या गावात, पठाण आणि पंड्या बंधूंच्या गावात राहून क्रिकेट सोडून हे काय, वगैरे. क्रिकेट मी सोडलेलं नाही. पण टेबलाच्या तळाशी उभं राहून वर बघायची सवय क्रिकेटमध्ये लागत नाही. आयपीएलमध्ये शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत खेळता येतं. आमच्याकडे घरातून बाहेर काढतात. 2002, 2004, 2008 आणि 2023, चार वेळा काढलंय.

2023बद्दल आता सांगायलाच हवं, कारण तुम्ही सगळे तिथे होतात आणि तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही.

28 मे, रविवार. अहमदाबादला आयपीएलची फायनल, गुजरात टायटन्स आणि चेन्नई. हार्दिक कॅप्टन, म्हणजे घरचंच कार्य. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मोठा पडदा, खुर्च्या, सेव-उसळीचं पातेलं. अहमदाबादला पाऊस, पडद्यावर तासभर नुसती झाकलेली खेळपट्टी. आणि आपल्या नऊ वाजता तिकडे लीगच्या शेवटच्या दिवसाचे सगळे सामने एकदम सुरू झाले. लेस्टर 31 पॉइंटांवर, एव्हर्टन 33वर. आम्ही जिंकायचं आणि एव्हर्टननं जिंकायचं नाही. मग फार तर 34-34 होणार आणि गोल डिफरन्सवर आम्ही वाचणार. मी मागच्या रांगेत, फोन मांडीवर, ओढणीखाली.

चौतिसाव्या मिनिटाला हार्वी बार्न्सनं गोल केला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. अख्खं क्लब हाउस वळलं. "कव्हर्स काढली?" "टॉस झाला?" मी म्हटलं, "नाही नाही, दुसरं काहीतरी." एव्हर्टन अजून 0-0. त्या क्षणाला आम्ही टेबलात सतरावे होतो. वाचलो होतो.

मधली सुट्टी धरून पुढची चाळीस मिनिटं आम्ही वाचलेले होतो. तेवढ्यात मी काय केलं असेल? कोपऱ्यावरच्या दुकानात फोन लावला आणि बत्तीस केसर-पिस्ता कप मागवले. सगळ्यांसाठी. वर्षभर दुसऱ्यांची खाती सांभाळणारी मी, 31 मार्चच्या आत कोणाला नफा वाटून घेऊ न देणारी मी, चाळीस मिनिटांच्या शिलकीवर मेजवानी दिली.

सव्वादहाच्या सुमाराला एव्हर्टनच्या डुकुरेनं गोल केला. पाच मिनिटांनी आमच्या वाउट फासनं दुसरा केला, 2-0, आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. त्याच वेळी दुकानातला पोरगा थर्माकोलची पेटी घेऊन दारात उभा. सासूबाईंनी विचारलं, "हे गं कशाचं?" मी म्हटलं, "पाऊस थांबावा म्हणून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमनकाकांनी दोन कप घेतले. मैत्रिणीचा लेस्टरहून मेसेज: "मॅच छे के शुं? टाउनमां बहु ट्राफिक छे."

पुढे आमच्यासमोरच्या वेस्ट हॅमनं एक गोल फेडला, त्यानं काही फरक पडला नाही. आमचा सामना 2-1 संपला. तिकडे एव्हर्टनच्या सामन्यात दहा मिनिटांचा जादा वेळ. त्यांच्यासमोरच्या बोर्नमथनं एक गोल करावा, एवढंच मागत मी फोनकडे बघत बसले. केला नाही. एव्हर्टन 36, लेस्टर 34. याच 34वर 2005 साली वेस्ट ब्रॉम वाचली होती, तेही मला तिथेच आठवलं.

फायनल दुसऱ्या दिवसावर ढकलली गेली. सगळे हिरमुसून खुर्च्या उचलायला लागले. माझं तोंड बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं उद्या होईल की, एवढं काय!" आणि पाठीवर हात फिरवला. मी मान हलवली. त्या रात्री इतकी माणसं दुःखात होती की माझं दुःख त्यांच्यातच खपून गेलं. सोमवारी रात्री उशिरा जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर सहा आणि चार मारून टायटन्सना हरवलं, तेव्हा त्याच काकू रडल्या. मी नाही जाऊ शकले त्यांच्या पाठीवर हात फिरवायला. अजून ते टोचतं.

त्या वर्षीची वही माझ्याकडे आहे. एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "मॅडिसन, बार्न्स, टिलेमन्स, वार्डी असलेली टीम खाली जात नाही." जाते की. 2003ला जो कोल, कॅरिक, डिफो आणि डी कानिओ असलेली वेस्ट हॅम 42 पॉइंट घेऊन गेली होती. हे मला एप्रिलमध्येही माहीत होतं. कारण दोन पानं मागे ते मीच लिहिलेलं आहे.

तरी एप्रिलमध्ये ते लिहिणाऱ्या त्या बाईला मी पूर्ण मूर्ख म्हणणार नाही. 1 मेच्या रात्री एव्हर्टनशी घरच्या मैदानावर आम्ही 2-1 पुढे होतो. (गुजरात दिन आणि महाराष्ट्र दिन एकाच तारखेला. बडोद्याच्या मराठी माणसाला कुणाला शुभेच्छा द्याव्यात ते दर वर्षी कळत नाही.) मध्यंतराच्या तोंडावर मॅडिसनला पेनल्टी मिळाली. त्यानं बॉल मधोमध मारला. एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्ड हललाच नाही, कारण त्याच्या पाण्याच्या बाटलीवर लिहिलेलं होतं की मॅडिसनसमोर मध्येच थांब. सामना 2-2. तो जिंकलो असतो तर शेवटी आम्ही 36 आणि एव्हर्टन 35. म्हणजे माझा हिशोब बरोबर होता, बाटलीवरचाही बरोबर होता.

असं नवऱ्याला सांगितलं की तो म्हणतो, "मग तुझ्या हिशोबाचा उपयोग काय?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कधी वाटतं, आशा वगैरे काही नसते, नुसता हाताला चाळा असतो. कधी वाटतं, तसं असतं तर मी दर वेळी नेमकी बेरीज करायच्या आधी थांबले नसते.

तर सध्याचं पान. मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूलसमोर मी काहीच लिहिलेलं नाही. 26 एप्रिलला वुल्व्हजशी त्यांच्या घरी: तीन. साउदॅम्प्टन घरी: तीन. इप्सविच घरी: तीन. झाले 26, आणि वुल्व्हजनं पुढे एकही पॉइंट कमवायचा नाही. तिथवर आल्यावर मी वही मिटली आणि पाडव्याच्या सामानाची यादी करायला घेतली.

सिटीशी सामना आपल्याकडे 2 एप्रिलची मध्यरात्र उलटून सव्वाबाराला आहे. सकाळी ऑफिस आहे. बघणार नाही, असं आज तरी ठरवलंय. आइसक्रीमवाल्याचा नंबर मात्र डिलिट केलाय, तो खरंच केलाय.