चिमण्यांवरचा आळ

ऐन आषाढात आमच्या खुराड्यातली महिनाभराची पिल्लं पिसं फुलवून बसू लागली, शिटेत रक्त दिसू लागलं. आई म्हणाली, जंत झालेत, औषध पाजू. शेजारच्या काकांचा संशय मांगरात कोंडा टिपणाऱ्या चिमण्यांवर. "अगो, आधी ती घरटी काढून टाक!" मला ते पटेना. मी दापोलीजवळ जीवशास्त्र शिकवते, सूक्ष्मदर्शक हाताशी होता. शीटच तपासायची ठरवली.

खुराड्याखाली केळीचं पान पसरलं, कारण जमिनीवरची शीट उचलली की मातीतले कृमीही येतात. कोंबडीची शीट दोन तऱ्हांची असते: पांढऱ्या टोपीची नेहमीची, आणि अधूनमधून पडणारी चिकट, तपकिरी. दोन्ही घेतल्या. चिमण्यांना हातही लावला नाही, बसायच्या जागेखाली कागद ठेवला, तोही दुपार कलल्यावर. त्यांच्यातल्या आयसोस्पोरा या परजीवीच्या पुटिका, म्हणजे शिटेतून पडणाऱ्या अंड्यासारख्या कवचबंद अवस्था, मुख्यतः दिवस मावळतीला बाहेर पडतात. सकाळची शीट साफ दिसून फसवू शकते.

कोमट पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं. त्यात शीट कालवून, गाळून लहान नळी काठोकाठ भरली, वर पातळ काच टेकवली. पंधरा-वीस मिनिटांत जंतांची हलकी अंडी आणि पुटिका तरंगत काचेला चिकटतात. पट्टकृमी मात्र या रीतीने निसटू शकतात, म्हणून शिटेत त्यांचे तांदळाच्या कणीसारखे तुकडे आहेत का, तेही डोळ्यांनी पाहिलं. नव्हते.

मोठ्या कोंबड्यांत गोलकृमींची तुरळक अंडी होती. पिल्लांच्या काचेवर मात्र नजर जाईल तिथे पुटिका! म्हणजे रक्ती हगवण. ती आयमेरिया या एकपेशीय जीवामुळे होते, जंताचं औषध तिला लागू पडत नाही.

चिमण्यांच्या शिटेतही पुटिका होत्याच, त्यामुळे निकाल लगेच देता येईना. दोन्ही नमुने 2.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये उथळ बशीत, हवा लागेल असे ठेवले. पुटिका पक्व झाल्या तेव्हा पिल्लांच्या पुटिकेत आत चार कप्पे, म्हणजे आयमेरिया. चिमण्यांच्या पुटिकेत दोनच, म्हणजे आयसोस्पोरा. कोंबडीचा आयमेरिया चिमणीच्या आतड्यात वाढत नाही. काकांना दोन्ही काचा दाखवल्या, घरटी राहिली.

पशुवैद्यांनी पिल्लांना पाण्यातून अँप्रोलियम दिलं. पुटिका पिकायला ओल लागते, आणि आमच्या पावसात खालचा तूस सुकतच नव्हता. तो सगळा काढून कोरडा पसरला, पाण्याची भांडी विटांवर उचलून ठेवली. मोठ्यांचं जंताचं औषध वेगळं, ते पिल्लं सावरल्यावर दिलं.