रेन गार्डनमधला हिरवट थर

जूनमधला पहिला जोरदार पाऊस थांबून दोन दिवस झाले, तरी हॉस्टेलपुढच्या रेन गार्डनमध्ये, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी झिरपवणाऱ्या खोलगट वाफ्यात, वीतभर पाणी तसंच होतं. पुण्याजवळच्या त्या विद्यापीठात आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी येऊन उभा होता. रेक्टर म्हणाले, "डेंग्यू झाला तर पालकांना उत्तर मला द्यावं लागतं. भरून टाका आणि वर लॉन करा."

त्यांची भीती रास्तच होती. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून असं पाणी 24 तासांत, फार तर 48 तासांत जिरायलाच हवं. लॉनचा हिशेब मात्र वेगळा. 80 चौरस मीटर लॉनला उन्हाळ्यात दिवसाला 400 लिटर तरी पाणी लागतं, आणि इथे एप्रिलपासून टँकर सुरू होतात.

गार्डनचं माप गच्चीच्या क्षेत्रफळावरून काढलेलं. 600 चौरस मीटर गच्चीवर 40 मिलिमीटर पाऊस पडला, त्यातला 85 टक्के वाहून आला, तर वीस हजार लिटर होतात. 80 चौरस मीटरचा, 25 सेंटिमीटर खोल वाफा तेवढं पाणी धरतो. खाली काळी माती आणि त्याखाली पाषाण, त्यामुळे नुसतं जमिनीच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून 60 सेंटिमीटर मिश्रण (तीन भाग धुतलेली वाळू, एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत), त्याखाली बारीक खडीचा थर, मग 20 मिलिमीटर खडी आणि तीत भोकांचा 110 मिलिमीटर पाईप. मिश्रण आणि खडी यांच्यामध्ये आम्ही जिओटेक्स्टाइल (पाणी गाळणारं कृत्रिम कापड) घालत नाही. गाळ आधी त्या कापडातच अडकतो आणि मग सगळं उकरावं लागतं.

आधी बाहेरच्या चेंबरचं झाकण उचललं. पाईपचं तोंड कोरडं. तपासणीच्या उभ्या पाईपमधून टेप सोडली, तर खडीतही पाणी नाही. म्हणजे खालचा पाईप तुंबलेला नव्हता. पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

मड पंपाने पाणी उपसून काठाशी पहार मारली. वरचा चिखल निघाला आणि त्याखाली पिठासारखा बारीक, हिरवट-करडा थर लागला. इनलेटपाशी, म्हणजे पाणी आत येतं तिथे, चार बोटं जाड, पलीकडच्या टोकाला कागदाएवढा. खालची वाळू मोकळी, जेमतेम दमट. मुकादमाने त्यावर संडास धुण्याचं ॲसिड टाकलं, ते फसफसलं. पण नुसत्या फसफसण्यावर जाऊ नये, काळ्या मातीतली चुनखडीही फसफसते. इथे रंग आणि इनलेटकडे वाढत जाणारी जाडी, एवढा पुरावा पुरेसा होता. मे महिन्यात गॅलऱ्यांच्या कोटा फरशीला (हिरवट चुनखडकाच्या) पॉलिश झालं होतं. गॅलरीची नळकांडी पावसाच्याच डाउनटेकला (गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या उभ्या पाईपला) जोडलेली, त्यामुळे पॉलिशची सगळी स्लरी, म्हणजे दगडाच्या भुकटीचं पाणी, थेट वाफ्यात उतरली होती.

माळ्याचं म्हणणं, कुदळीने खालीवर करू. ते थांबवलं. तसं केल्यावर भुकटी मिश्रणात उतरते आणि वरचे 10 सेंटिमीटर बदलून भागलं असतं तिथे पूर्ण वाफा काढावा लागतो. जेसीबी परत पाठवला. त्याच्या वजनाने वाळू दबली असती. वाळा आणि नागरमोथा मुळांसकट काढून ओल्या गोणपाटात ठेवले. माणसं फळ्यांवर उभी राहून घमेल्यांनी थर खरवडत गेली, काठापासून मध्याकडे नव्हे तर मध्यापासून काठाकडे, म्हणजे साफ केलेल्या जागेवर पुन्हा पाय पडत नाही.

30 सेंटिमीटर व्यासाचा पाईपचा तुकडा पाच सेंटिमीटर रोवून, आत पाणी भरून, आधी आणि नंतर मोजणी केली. आधी अर्ध्या तासात पाणी दोन मिलिमीटरही उतरलं नव्हतं. थर काढून नवं मिश्रण भरल्यावर, आधी एकदा भिजवून, तेवढ्याच वेळात ते 60 मिलिमीटर उतरलं. रेक्टरांनी टेप स्वतः वाचली, आणि गच्चीवरचे जुने टायर काढायलाही सांगितलं. डास तिथे जास्त होतात.

डाउनटेकखाली 60 सेंटिमीटर चौकोनी गाळ-चेंबर मंजूर झालं. गॅलरीचं पाणी वेगळ्या पाईपने सांडपाण्याकडे वळवायचं ठरलं. मुलींच्या हॉस्टेलमध्ये पॉलिश अजून बाकी आहे; तिथल्या इनलेटची तोंडं संध्याकाळी निघण्याआधी विटा लावून बंद केली.