मुंबई ते न्यूयॉर्क : आईच्या इन्सुलिनसाठी मांडलेला वेळेचा हिशेब

बहिणीच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात आईला घेऊन अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला जायचं ठरलं. आईला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. त्यामुळे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "विमानात नेमके किती तास?"

तिकिटावर होतं : मुंबईहून रात्री सव्वाएक, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसात. आई म्हणाली, "अगं, सहा तासांचंच तर आहे!" पण तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे पाच. थेट उड्डाण, पावणेसोळा तासांचं!

एवढे तास का लागतात ते पाहायला मग भाच्याच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून सर्वांत जवळची वाट पाहिली. भिंतीवरच्या नकाशात वाट सरळ पश्चिमेला जाते असं वाटतं. दोरा मात्र मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलंडजवळून कॅनडात उतरला. हे अंतर साधारण 12,500 किलोमीटर. विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 पासून भारतीय विमानकंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जाताना ते समोरून येतात.

मी कागदावर तासांचा तक्ता केला, सगळा भारतीय वेळेत. घर ते घर धरलं, कारण आईचं पोट विमानाच्या वेळापत्रकावर चालत नाही. पुण्याहून गाडीचे चार तास, विमानतळावर तीन, पलीकडे इमिग्रेशनची रांग. डॉक्टरांनी त्यावरच डोसच्या वेळा लिहून दिल्या : उतरेपर्यंत आपल्या घड्याळानं, पुढे तिथल्या. इन्सुलिन आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवली. सामानाच्या कप्प्यात थंडीनं ते गोठू शकतं. व्हीलचेअर आणि मधुमेहींचं जेवण आधीच सांगून ठेवलं होतं. तरी दोन जेवणांमधलं अंतर फार लांबलं तेव्हा घरून नेलेल्या दशम्याच कामी आल्या. वयस्कर माणसाला नेणाऱ्यांनी खाणं जवळ ठेवाच, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

आईच्या साखरेनं प्रवासभर त्रास दिला नाही. तक्त्यावर ती स्वतः खुणा करत होती, याचा मला फार आनंद झाला.

परतीला तोच तक्ता उलटा करून चालला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे फरक साडेदहा तासांचा. आमचं विमान त्यानंतरचं. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत. वारा पाठीशी असल्यानं साडेचौदा तासच. पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो, दोन डोस जवळ येतात. तेव्हा डॉक्टरांना फोन करून नव्या वेळा घेतल्या आणि दुसरा तक्ता आईच्या पर्समध्ये ठेवला.