आमची वाटचाल : पॅटर्नच्या ठोकळ्यापासून वाडग्यापर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी एकवीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. ओतकामाला लागणारा लाकडी नमुना बनवायचं ते काम. नमुना वाळूत दाबतात, अलगद उचलतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओततात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टीसुद्धा तेवढीच वाढीव आखलेली असते. 2008 च्या मंदीत फौंड्र्यांची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांची, कामं घटली. पुढं ॲल्युमिनियमचे, सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर) कापलेले पॅटर्न आले आणि लाकडाला गिऱ्हाईक उरलं नाही. माझ्याकडं लेथ मशीन होतं, पटाश्या होत्या आणि सागाचे उरलेले तुकडे होते. त्यातूनच पहिला वाडगा कातला.

सुरुवातीला माझा सगळा जीव दिसण्यात होता. कड पातळ, पोट गोल आणि बूड अगदी निमुळतं. लांबून पाहिलं की वाडगा टेबलावरून अधांतरी उचलल्यासारखा वाटायचा. पहिल्या प्रदर्शनात एक वयस्कर काकू आल्या. त्यांनी वाडगा टेबलावर ठेवला आणि कोशिंबीर कालवताना घालतो तसा हात घालून काठाकडं दाबला. वाडगा कलंडला.

"देखणा हाय रं बाळा, पण ह्यात मी कालवू काय?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या गाळ्याकडं गेल्या.

तो वाडगा नऊ इंची होता, बूड जेमतेम दोन इंच. त्या रात्री मी तो घरी आणला. बायकोनं त्यात कणीक भिजवायला घेतली आणि एका हातानं वाडगा धरूनच ठेवावा लागला. बुडाच्या बाहेर जोर पडला की भांडं उलटणारच. मग बूड साडेतीन इंचांचं केलं. आता वाडगा हलेना, पण दिसायला बसकट झाला, मातीत रुतल्यासारखा. कितीतरी वाडगे असे गेले. शेवटी मार्ग सापडला तो बुडाच्या बाहेरच्या कडेला. टेबलाला टेकते तिथून जरा वर, आत वळणारी सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाच घेतली. तिथं सावली पडते. बूड रुंदच राहतं, पण डोळ्याला वाडगा उचललेला दिसतो. बुडाचा मधला भाग आम्ही किंचित खोलगट ठेवतो, म्हणजे वाडगा कडेच्या गोलावर टेकतो. सपाट बूड पावसाळ्यात फुगलं की वाडगा डुगडुगतो.

आतल्या आकारानं मला परत फौंड्रीत नेलं. ओतकामात आतला कोपरा टोकदार ठेवला की बीड तिथंच तडकतं, म्हणून पॅटर्नमध्ये त्या जागी गोलाई भरतात, तिला फिलेट म्हणतात. वाडग्यात तळ आणि भिंत जिथं मिळतात तिथं कोपरा राहिला तर पीठ अडकतं, चमचा अडतो, धुताना बोट पोचत नाही. म्हणून काठापासून तळापर्यंत एकच सलग उतार हवा. हे डोळ्यानं कळत नाही. आमच्याकडची मुलं आधी डोळे मिटून बोटं आतून फिरवतात. बोट जिथं थबकतं तिथं पुन्हा पटाशी लागते. आणि खरं सांगतो, जो उतार बोटाला पटतो तोच डोळ्यालाही पटतो. सुंदर आणि उपयोगी ही दोन कामं मी त्या दिवसापासून वेगळी धरली नाहीत.

भिंतीच्या जाडीचा हिशोबही तसाच. दोन सुतांची भिंत फार नाजूक दिसते, पण स्वयंपाकघरात दोनदा आपटली की काठाचा कपचा उडतो. रोजच्या वापराच्या वाडग्याला आम्ही तीन सूत ठेवतो आणि फक्त काठ आतून उतरता करतो, म्हणजे समोरून तो पातळ दिसतो. जाडी मात्र सगळीकडं सारखी. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झालं की लाकूड सुकताना त्याच ठिकाणी चीर जाते.

ही चीर आम्ही महागात शिकलो. एका हॉटेलची चाळीस वाडग्यांची ऑर्डर होती, घाई होती. लाकूड पुरतं सुकलं नव्हतं, तरी मी कातून दिलं. उन्हाळ्यात अकरा वाडगे तडकून परत आले. चूक माझी होती, सगळे बदलून दिले.

आता ओल्या आंब्याचा किंवा फणसाचा दहा इंची वाडगा आधी इंचभर जाड ठेवून कातायचा, लाकडाच्या रेषा तुटतात त्या दोन बाजूंना मेण लावायचं आणि सावलीत फळीवर ठेवून द्यायचा. लाकूड रेषेच्या दिशेनं जवळपास आकसत नाही, आडव्या बाजूनं मात्र दोन-अडीच सूत सहज आत येतं. गोल वाडगा लंबगोल होतो. तसा तो व्हायलाच हवा. म्हणूनच जाडी वाढीव ठेवायची, पॅटर्नच्या फूटपट्टीसारखी. पूर्ण सुकल्यावर दुसऱ्यांदा कातला की तो गोलच राहतो.

तेलाबद्दल गिऱ्हाईक हमखास विचारतात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लाकडावर वाळत नाही, काही दिवसांनी खवट वास येतो. आम्ही खाण्यायोग्य लिक्विड पॅराफिनमध्ये मधमाश्यांचं मेण वितळवून लावतो. तांबड्या रश्श्यासाठी हा वाडगा घेऊ नका, असं मी विकतानाच सांगतो. गरम तर्री आणि हळद आंब्याच्या फिक्या लाकडात शिरली की निघत नाही. कोशिंबीर, फळं, चिवडा, भाकरीचं पीठ यांसाठी मात्र बिनधास्त वापरा. वापरून झाल्यावर धुवा, पुसा आणि उभा करून वाळवा. पाण्यात भिजत ठेवू नका.

सध्या फळीवर साठ-सत्तर वाडगे सुकत आहेत. प्रत्येकाच्या बुडावर पेन्सिलनं दर पंधरवड्याचं वजन लिहिलेलं असतं. सलग तीन वेळा आकडा तोच आला की तो वाडगा लेथवर चढतो. मागच्या खेपेला फणसाच्या एका चौदा इंची वाडग्याचं वजन दुसऱ्यांदा तेच भरलं. तो एका घरी पुरणपोळीची कणीक तिंबायला जायचा आहे. अजून एक पंधरवडा.