फिरणारी सीट

"काका, सीट पुन्हा फिरली."

शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती आणि नववीतली ती पोरगी सायकल हातात धरून दुकानासमोर उभी होती. आठ दिवसांतली तिची ही तिसरी खेप. सीटचं टोक आभाळाकडे, मागची बाजू खाली कॅरिअरला टेकायला आलेली. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून तिनं सीटचं टोक खालच्या पाइपाला बांधलं होतं. ती पट्टीही ताणून ताणून ढिली झाली होती.

परतूरला आमचं सायकलचं दुकान वडिलांपासूनचं आहे. त्यांच्या काळात दारात भाड्याच्या सायकलींची रांग असायची. आता पंक्चर, ब्रेक, पोरांच्या गियरच्या सायकली, आणि जून लागला की शाळेच्या मुलींच्या सायकली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. तशी सायकल दुरुस्तीला आली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. सायकल चार दिवस बंद राहिली की पोरगी घरी बसते, आणि घरी बसलेली पोरगी शेतात कामाला लागते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्या खेपेला मी सगळे करतात तेच केलं होतं. सीट सरळ केली, १३-१४चा पाना लावला, दोन्ही बाजूंचे नट दाबून आवळले आणि तिला पाठवून दिलं. पैसे घेतले नाहीत. एवढ्या कामाचे कसले पैसे?

चौथ्या दिवशी ती परत आली. तेव्हा मी सीट क्लिप उघडली. आपल्या साध्या सायकलीला सीटखाली लोखंडी पट्टीची क्लिप असते. सीटच्या पाइपाचं वरचं टोक २२ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्याला ती कवटाळून बसते. तिच्या दोन्ही अंगांना बारीक दाते असतात आणि त्या दात्यांत बाहेरच्या चकतीचे दाते अडकतात. सीटच्या तारा त्या चकतीत धरलेल्या असतात. या सगळ्यांतून एकच बोल्ट आडवा जातो. पाइप पकडायचा त्यानंच, दाते एकमेकांत दाबायचे त्यानंच आणि तारा धरायच्या त्याही त्यानंच. तिच्या क्लिपचे दाते घासून गुळगुळीत झाले होते. दाते गेल्यावर पान्याला कितीही जोर लावा, उपयोग नाही. मी दोन्ही चकत्या आणि क्लिप नवी टाकली आणि निर्धास्त झालो.

आणि आता ही तिसरी खेप.

"तू मागं रेलून बसतेस का गं?" मी विचारलं. ती काहीच बोलली नाही. मग खाली बघत म्हणाली, "आई पण तेच म्हणती. भाऊ पण तेच म्हणतो. मी तर चढावर बसतच नाही, उभी राहूनच चालवते. आता बसवतच नाही तिच्यावर, म्हणून ढकलत येऊ लागले."

ते ऐकून मी पाना खाली ठेवला. सीटचं टोक वर आलं की बसणाऱ्याला काय होतं, ते मला ठाऊक आहे. सगळा भार नको त्या जागी येतो, दुखतं, मुंग्या येतात. पोरं येऊन सरळ सांगतात. पोरी दुकानात असलं बोलत नाहीत, चालत येतात. ही पोरगी साडेतीन किलोमीटर सायकल ढकलत शाळेत जात होती, आणि आम्ही सगळे मिळून तिलाच तिच्या बसण्याबद्दल विचारत होतो.

मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "आज खोट सापडल्याशिवाय सायकल द्यायची नाही."

रंगाचे टवके झाकायला माझ्याकडे नेलपॉलिशची एक बाटली असते. सीट सरळ करून नट आवळले आणि तीन ठिकाणी लाल रेघ ओढली. एक पाइपावरून क्लिपवर येणारी, दुसरी क्लिपवरून चकतीवर, तिसरी चकतीवरून तारेवर. घसरण या तीनपैकी एकाच ठिकाणी असणार. रेघा वाळल्यावर सायकल भिंतीला टेकवून मी पुढून हँडल धरलं, तिला बसायला सांगितलं आणि खाली वाकून बघत राहिलो.

दोनदा ती नुसती बसली, काही नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, रेल्वेच्या फाटकावर बसतो तसा दणका घे. तिनं अंग उचललं आणि खाली टाकलं. कट्ट!

पाइपावरची रेघ शाबूत होती. तारेवरचीही. मधली तुटली होती, एका दात्यानं सरकली होती. म्हणजे नवे दातेच एकमेकांवरून उड्या मारत होते. नटाला पाना लावून पाहिला, तो जागचा हलेना. आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक चकतीखाली घालून हलकेच उचललं तर चकती हलली. नट दगडासारखा घट्ट आणि त्याच्याच खालची चकती सैल! पस्तीस वर्षं हातात पाना आहे, पण क्षणभर काही सुचेना.

नट काढला आणि बोल्ट उजेडात धरला. तेव्हा कळलं. बोल्ट मूळचा नव्हताच. कुणीतरी कधीतरी आटे गेले म्हणून तो बदलला होता आणि हाताशी आलेला, टोकालाच आटे असलेला बोल्ट घातला होता. त्याचा मधला भाग सपाट. आटे जिथे संपतात तिथे नटानं घासलेलं चकचकीत कडं उमटलं होतं. नट आट्यांवरून येऊन त्या सपाट भागाला अडत होता. पान्याला जोर लागत होता तो तिथे. दात्यांपर्यंत तो पोचतच नव्हता.

आणि नवी क्लिप टाकताना तोच जुना बोल्ट परत घालणारा मीच होतो. नव्या क्लिपबरोबर आलेला बोल्ट मी डब्यात टाकला होता, कारण जुना "चांगला जाड" दिसत होता. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, चूक तुझ्या बसण्याची नाही, माझी आहे. तिनं वर पाहिलं, पण म्हणाली काहीच नाही.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. एवढ्या दिवसांच्या उड्यांनी नव्या चकत्यांचेही शेंडे मोडले होते. त्या बदलल्या. डब्यातून नव्या क्लिपचा बोल्ट शोधून काढला. क्लिपचे दाते रॉकेलनं ब्रश मारून साफ केले आणि कोरडे पुसले. कुरकुर थांबावी म्हणून पुष्कळ जण दात्यांवर ग्रीस लावतात, मला ते पटत नाही. तेलाचा थेंब आट्यांवर द्यावा, म्हणजे तेवढ्याच जोरात नट पुढे सरकतो आणि दाब खरोखर दात्यांवर पडतो. मग दोन्ही नट आलटून पालटून, पाव पाव फेरा. एकच बाजू आधी दाबली तर बोल्ट त्या अंगाला ओढला जातो. सीटवर लाकडाची पट्टी ठेवून ती जमिनीला समांतर आहे का ते लांबून पाहिलं. स्क्रू ड्रायव्हर पुन्हा चकतीखाली घातला. हलली नाही.

एक गोष्ट राहिली होती. सायकल मिळाली तेव्हा ती आठवीत होती, आता चार बोटं वाढली होती आणि सीट तिथेच. सीट खाली असली की गुडघे वर येतात, माणूस आपसूक मागे सरकतो आणि सगळं वजन क्लिपच्या मागे लोंबतं. पायडल खाली नेऊन त्यावर टाच ठेवायला लावली, पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. पाइप किती बाहेर काढायचा त्याची खूण पाइपावर असते, तिच्या आतच ठेवली. ती बसली आणि म्हणाली, "उंच वाटायलंय." म्हटलं, दोन दिवस वाटेल.

फाटकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर नव्या रेघा ओढल्या, तीनही ठिकाणी. सांगितलं, यातली एक जरी तुटली तरी कधीही ये, पैशाचं नाव काढायचं नाही.

सोमवारी ती शाळेत जाताना दुकानासमोर थांबली. मी पंक्चरच्या टबाजवळ होतो. मी उठायच्या आत तिनं स्वतःच वाकून सीटखाली पाहिलं, एकेका रेघेवर बोट ठेवलं आणि तिथूनच ओरडली, "तिन्ही हायेत, काका!"

सीटला बांधलेली ती ट्यूबची पट्टी तिनं सोडली होती. तिनं आता दप्तर कॅरिअरला बांधलं होतं.